सील तुझे, नेचं माझं

प्रिय मुइरेन,

तुझं ऑर्कनी बेटांवरून आलेलं पत्र वाचता वाचता माझा चहा गार झाला. "आई, त्या पाल्याला आणखी किती जपशील? माझ्या सीलांची पिल्लं बघ, महिन्याभरात आईवाचून समुद्रात उतरतात!" बाई गं, तुझ्या सीलांचं मला कौतुकच आहे. जात सस्तन, गोतावळा कुत्र्या-अस्वलांचा, आणि संसार समुद्रात! तुझ्या आजोबांच्या काळी त्यांना दिसेल तिथे मारायचे. कायद्याने अभय दिलं आणि इथले, आपल्या केरीच्या किनाऱ्यावरचे खडक पुन्हा त्यांच्या ओरडण्याने भरले. जगाच्या यादीत आता त्यांची चिंता नाही म्हणतात. ऐकून बरं वाटतं.

माझं नेचं वनस्पतींतलं, तेही ना फूल, ना बी. नुसत्या बीजाणूंवर पिढ्या चालवतं. फुलं जगात आली त्याच्याही आधीचं त्याचं घराणं. पान इतकं पातळ की आरपार उजेड दिसतो, आणि धबधब्याचे तुषार नसतील तर ते सुकून जातं. तरी टिकलं, धन्य त्याची! त्याचा घात केला शौकिनांनी. काचेच्या पेट्यांत मिरवायला टोपल्या भरभरून उपटून नेलं. सीलाला निदान बुडी मारता येते. आता युरोपच्या एकाच कायद्याने दोघांना पंखाखाली घेतलंय, पण माझं अजून दुर्मीळच आहे.

म्हणून तर त्याची जागा आपल्याकडे कुणी लिहीत नाही, एकाने एकालाच चालत नेऊन दाखवायची. मला माझ्या आईने दाखवली. माझ्यानंतर कोण, हाच घोर आहे. परवा एक कॅमेरेवाला नेच्याचा पत्ता विचारत आला, तर शेजारचा फिनबर म्हणतो, "नेचं होय? सरळ खाली किनाऱ्यावर जा. सीलांना विचारा, ते सांगतील!" बिचारा चिंब भिजून परतला. मी त्याला बटाट्याचं सूप पाजलं, जागा नाही सांगितली.

आता खरं काय ते सांगते. गेल्या आठवड्यात वर धबधब्यापाशी गेले होते. पाण्याचा आवाज येत होता, ओला खडक हाताला लागला, पण नेचं दिसेना. जन्मात कधी बोट लावलं नव्हतं, ते चाचपून पाहिलं. डॉक्टर म्हणतात, डोळे फार तर वसंतापर्यंत साथ देतील. वाट पायांना पाठ आहे. तुझे सील चार दिवस तुझ्यावाचून राहतील. तू ये. वाट मी दाखवते, पान तू बघ आणि मला सांग, हिरवं आहे ना ते.

तुझीच,
आई