कारंज्याच्या पुढची वाट

१२ मार्च

ती. दादास,

नमस्कार. गुडघे कसे आहेत ते आधी कळव, मग हवं तेवढं रागव. लेकीकडे तुझं छान चाललं असेलच. तिचा चहा तुला आवडतो. माझा तू गुपचूप खिडकीतल्या कुंडीत ओतायचास, मला ठाऊक होतं. ती कुंडी अजून तग धरून आहे.

माझ्या भाड्याच्या सायकलींचं तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. सकाळी वरच्या वेशीपाशी चाळीस सायकली ठेवतो. नऊपर्यंत सगळ्या उतरून नदीकाठी! वर कुणी आणत नाही. मग आम्हीच ट्रकात घालून चढवतो. आता नगरपालिकेने बजावलंय, महिनाअखेरपर्यंत लोक आपणहून वर आणू लागले नाहीत, तर योजना बंद.

चूक माझीच. वर जायला मी सरळ फरसबंदी रस्ता दाखवला, कारण नकाशात तोच जवळचा. तू नगरपालिकेच्या भर सभेत म्हणालास, "अगं, चढावर माणूस सरळ जात नाही, वळत वळत जातो." आणि मी म्हणाले, "दादा, हे टपाल वाटण्याइतकं सोपं नाही." तीस वर्षं तू त्याच चढावर सायकलवरून टपाल वाटलंस. लोक हसले, आणि मीही हसले. फार लाज वाटते रे त्याची.

गेल्या आठवड्यात उंटावरून शेळ्या हाकणं सोडलं आणि स्वतः सायकल काढली. तू मला कॅरिअरवर बसवून वरच्या शाळेत न्यायचास, ती वाट आठवत गेले. बेकरीच्या मागून, तटाच्या कडेने, कारंज्यापर्यंत. एकदाही उतरावं लागलं नाही! तिथवर पाट्या लावल्या. काल अकरा सायकली तिथवर चढून आल्या. एक शिक्षिका विचारत होत्या, "चढ कुठे नेलात हो?"

पण सायकलींची धाव कारंज्यापर्यंत. पुढच्या दोन्ही गल्ल्यांना पायऱ्या आहेत. तू मात्र न उतरता वेशीपर्यंत न्यायचास. कुठून, ते मी पाहिलंच नाही. तिथे ते काळं कुत्रं असायचं आणि मी तुझ्या पाठीत तोंड खुपसून डोळे घट्ट मिटायचे.

महिनाअखेरीच्या सभेआधी ये, दादा. त्याच लोकांसमोर मला तुझी माफी मागायची आहे. कारंज्यापाशी दोन सायकली घेऊन थांबते. दम लागला तर ढकलत जाऊ. कुत्रं आता नाही, आणि या वेळी मी डोळे उघडे ठेवीन.

तुझ्या मागे बसून सगळे चढ चढलेली,
धाकटी