स्वच्छ प्रत

नाशिक रोड, सोमवार, १९ नोव्हेंबर १९३४
मुंबईच्या पुस्तकवाल्याने मोठ्या विश्वासाने पाठवले आहे. स्टेशनाजवळ बिऱ्हाड थाटले. आमच्या हिला इथली थंडी फार मानवली. काम माझ्या आवडीचे. वारलेल्या एका साहेबाच्या बंगल्यातले विलायती सचित्र कोश पारखून मुंबईस धाडायचे. पक्षी, किल्ले, यंत्रे, औषधी झाडे. कपाटे गच्च भरली आहेत आणि वाळवीने अजून तोंड लावलेले नाही. म्हातारा माळी मंगळू आणि त्याची मुलगी नवसाबाई बंगला राखतात. त्यांनी गूळ घातलेला चहा पाजला. स्वारी खूश.

बुधवार, २१
घबाड सापडले! इलाख्यातल्या लोकांच्या पेहरावांचा कोश, तोही पहिल्या आवृत्तीचा. दुसरीत रंग छापील, भिंगाखाली ठिपके दिसतात. इथे प्रत्येक चित्र कुंचल्याने रंगवलेले. अशी स्वच्छ प्रत धाडली की मालक मला कायम करतील. फक्त एका चित्रात, डोंगरातल्या नव्या नवरीच्या कपाळावर, तांबडा डाग आहे. मंगळूने सांगितले, ती त्याची बायको अक्काबाई. साहेबाने तिला चित्रकारापुढे बसवले होते. ती गेल्यापासून तो दर अमावस्येला चित्राला कुंकू लावतो. सवाष्ण गेली, भाग्याची होती, म्हणाला. मी मान डोलावली.

गुरुवार, २२
मंगळू बाजाराला गेला तेवढ्यात पावाच्या गराने डाग काढला. हळदीचा वास आला. कागदावर ओरखडाही नाही. सवाष्णीचे कुंकू पुसणे म्हणजे काय, हे गोऱ्या माणसाला कळले नसते. मला कळत होते. तरी शेण खाल्ले.

शुक्रवार, २३
मंगळू गेला. काल बाजारातून येताना वाटेत टेकला, तो उठलाच नाही. आज नवसाबाईने चित्र उघडून पाहिले.
"आई कुंकवानं गेली व्हती," ती म्हणाली. "मेल्यावर तिला रांडाव कुणी केली?"
जुना रंग आपोआप उडतो, असे मी सांगितले. ती "आसंल" म्हणाली. लाजेने माझी मान वर होईना.

रविवार, २५
आमच्या हिच्या कपाळावर कुंकू नाही. म्हणते, सकाळीच लावले होते. आरशात पाहून रडू लागली. घामाने गेले असेल, मी म्हणालो. या थंडीत घाम! आणखी एक खोटे.

सोमवार, २६
चित्राला कुंकू लावले. राहत नाही. खाली मेण लावून पाहिले, तरी कपाळ कोरे. आणि अक्काबाईच्या हातातल्या हिरव्या बांगड्या— भिंगाखाली पाहिले. रंग नाही. रेघसुद्धा नाही. नुसते मनगट.

मंगळवार
दुधाचे भांडे उचलताना हिच्या बांगड्या वाढल्या. दोन्ही हातांतल्या. माझ्या छातीत कळ येते. खरे सांगून नवसाबाईचे पाय धरायचे म्हणून गेलो. ती दारात आली आणि मी म्हणालो, पुस्तकांच्या पेट्यांना खिळे हवेत. खिळे घेऊन परत आलो. थू माझ्यावर.

बुधवार
हिला सगळे सांगितले. रागावली नाही. "आत्ताच्या आत्ता चला, मी येते बरोबर," एवढेच म्हणाली. आरशासमोर उभी आहे. कुंकू लावते— जाते. लावते— मंगळसूत्र मुठीत घट्ट धरले आहे. मला श्वास पुरत नाही. वाटेत काही झालेच तर, म्हणून इथे— नवसाबाई, तुझ्या आईचे कुंकू मी पु—