उत्तर न देणारी माणसं

प्रिय टॅम्सिन,

उशीर झाला, माफ कर. तुला धीर देणारी पत्रं लिहिली आणि फाडली. हेही टपालात पडेल की नाही, सांगता येत नाही.

तू फोनवर म्हणालीस, "आजोबा, आम्ही घडवतोय ती विचार करणारी यंत्रं उद्या हाताबाहेर गेली, तर मूल जन्माला कशाला घालायचं?" तेव्हापासून माझी झोप उडाली.

रविवारी आपल्या क्वेकर पंथाच्या प्रार्थनासभेला गेलो. लहानपणी तुला जिथे कंटाळा यायचा, तीच. सगळे गप्प बसलेले. आतून वाटेल त्यानं उठून बोलायचं आणि त्याला कुणी उत्तर द्यायचं नाही. मी जन्मात कधी उठलो नव्हतो, पण त्या दिवशी उठलो.

"माझी नात घाबरली आहे, आणि मीही," एवढंच म्हणून बसलो.

कुणी समजूत घातली नाही. सगळे माझ्याबरोबर नुसते बसून राहिले, आणि छातीवरचं ओझं हलकं झालं. या माणसांचे उपकार कसे फेडू?

नंतर तिथल्या स्वयंपाकघरात कॉफी ओतताना सभेतली लोर्ना म्हणाली, "ऑर्व्हिल, जग बुडेल तेव्हा बुडेल. आधी हा गळका नळ बघ, नाहीतर तोच बुडवेल आम्हाला."

किती दिवसांनी हसलो, पोरी.

यंत्रांतलं मला कळत नाही. मुलाचं तू आणि तुझा नवरा ठरवा. तुझी भीती तू मला सांगितलीस, याबद्दल देवाचे आभार मानतो. उत्तर माझ्याकडे नाही. शेजारी बसायला मात्र मी आहे.

येत्या रविवारी सभेला येशील का? लवकर कळव.

तुझा आजोबा,
ऑर्व्हिल