खवल्यांवरच्या रेघा

आये,

नॉर्वेतल्या बर्गनहून तुझ्या अंकिताचा नमस्कार. मी बरी आहे, इथे तांदूळही मिळतो.

काल एक घोटाळा झाला. प्रयोगशाळेत बावीस सालमन आणि ट्राउट मासे आले होते. हाताला तुझीच मासे साफ करायची सवय, मी सगळे खरवडून स्वच्छ केले. मग मॅडमनी सांगितलं, माशाचं वय खवल्यांवरच्या रेघा मोजून काढतात. खवले तर मी नळाखाली घालवले होते. त्या रागावल्या नाहीत, म्हणाल्या, वयाचा रकाना कोरा सोड.

माझं काम जनुकांचं. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाची जनुकं आईकडूनच येतात. त्यांच्या घडणीवर मासा किती वर्षं जगणार हे ठरतं का, ते आम्ही शोधतोय. एका जातीत तसं वाटतं, दुसरीत नाही. माझं डोकं चालेनासं झालंय.

दादा म्हणाला, जिना चढताना तू मध्येच बसतेस. खांदा कॉलनीतल्या डॉक्टरांकडे गेलीस का? तुझी आई गेली तेव्हा ती किती वर्षांची होती? विचारलं की म्हणतेस, "वर्सं कोनी मोजलीत?" तुझ्या आधारकार्डावरची तारीखही शाळेच्या दाखल्यावरची, गुरुजींनी अंदाजाने घातलेली.

माशांचं वय मी धुऊन टाकलं. तुझ्या माहेरी तुझ्या जन्माचं साल आठवणारं कोणी उरलंय का?

तुझीच,
अंकिता