बॉल पुढे नेणारी

बाई, मी तुमची गार्ड. दहा मुलींत सगळ्यांत बुटकी, टेलरची मुलगी. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की एरवी मी तुमच्याशी मनातल्या मनात बोलते आणि तेवढ्यावर भागतं. या आठवड्यात मात्र कागद घेऊन बसावंसं वाटलं. माझी नात शाळेच्या बास्केटबॉल संघात निवडली गेली आणि तोंड पाडून घरी आली. सरांनी तिला गार्ड केलंय. म्हणाली, आजी, बास्केट दुसऱ्यांनी करायची आणि मी नुसता बॉल पुढे नेऊन द्यायचा, ही तर हमालीच झाली. मी तिला समोर बसवलं आणि बोलायला लागले. तासभर तरी बोलले असेन. बोलता बोलता लक्षात आलं की यातला एकेक शब्द तुमचा आहे. मधेच समोरच्याच्या दंडाला बोट टोचायची खोडसुद्धा तुमचीच. पोरगी ऐकत राहिली आणि शेवटी तिनं विचारलं, म्हणजे सगळा खेळ माझ्या हातात? मी व्हय म्हणाले आणि आत जाऊन डोळे पुसले.

तुम्ही मला पहिल्यांदा हेरलंत ते मैदानावर नाही, जिन्यावर. शाळा सुटल्याची घंटा झालेली, दीडशे मुली एकदम खाली उतरतायत, आणि तुम्ही शेवटच्या पायरीशी उभ्या. पदर कमरेला खोचलेला, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. मी वरून खालपर्यंत आले तशी तुम्ही माझा दंड धरलात. तुम्ही विचारलंत, "कुणाला धक्का न लावता आलीस. कशी?" मी म्हणाले, जागा होती बाई. तुम्ही म्हणालात, "ती सगळ्यांना दिसत न्हाय. उद्या सकाळी मैदानावर ये."

कोल्हापूर म्हणजे तालमींचं आणि फुटबॉलचं गाव. मुलींचा बास्केटबॉल बघायला कोण येणार. शाळेच्या मागं मुरमाचं मैदान, पांढऱ्या फक्कीच्या रेघा, लाकडी फळ्या आणि जाळी नसलेल्या दोन रिंगा, एवढाच आपला संसार. उंच मुली तुम्ही रिंगखाली उभ्या केल्यात आणि दोन बुटक्या बाहेर ठेवल्यात, त्या दोन गार्ड. एक मी आणि दुसरी हुपरीची. तिचे वडील पैंजणं घडवायचे, तीही सुट्टीत त्यांच्या शेजारी बसून चांदीच्या कड्या डाक लावून जोडायची. तिचं मनगट कधी हललेलं मी पाहिलं नाही. लांबून टाकलेला बॉल ती असा सोडायची की रिंगेला न लागता आत जायचा. तुम्ही वाटणी करून टाकलीत: लांबून टाकायचं तिनं, आणायचं मी. मला ते तेव्हा कमीपणाचं वाटलं, नातीला आज वाटतं तसंच. मग आणायचं म्हणजे काय ते तुम्ही शिकवायला लागलात. दहा सेकंदांत बॉल मधल्या रेघेच्या पलीकडे गेला पाहिजे, समोरची छातीवर आली तरी. बॉल गुडघ्याच्या खाली, तिच्यापासून लांबच्या हातात, मधे आपलं अंग. मान वर. मुरमात खडा लागून बॉल भलतीकडे उडायचा, तरी खाली बघायचं नाही, तळव्याला कळलं पाहिजे. डावा हात तयार व्हावा म्हणून महिनाभर माझा उजवा हात तुम्ही माझ्याच ओढणीनं पाठीमागं बांधून ठेवलात. आणि बॉल गेला की सगळ्यांच्या आधी मागं पळायचं ते गार्डनं. रिंगखालच्या पोरी तिकडंच अडकलेल्या असतात, तू मागं नसलीस तर घर उघडं, असं तुम्ही म्हणायचात. मी अजून रस्त्यानं चालताना पुढं कोण, मागं कोण हे न वळता सांगू शकते.

रविवारी तुम्ही मला मंगळवार पेठेतल्या तुमच्या खोलीवर बोलवायचात. मी चुलीसमोर पाटावर बसलेली असे, तुम्ही भाकरी थापत असायचात. हुकूम असा की तुमच्या तोंडाकडे बघत बोलायचं, शाळेतलं, घरातलं, काहीही. पण तव्यावरची भाकरी फुगायला लागली की मान न वळवता सांगायचं. पहिल्या दिवशी तीन भाकऱ्या करपल्या. त्या तुम्ही मलाच वाढल्यात, खरडा आणि दह्याबरोबर. स्वतःही एक करपलेली घेतलीत. शेजारच्या एक काकू दारातून डोकावून, तुमच्या चुलीपाशी मला, मुसलमानाच्या पोरीला, बसलेली बघून आल्या पावली परत गेल्या. तुम्ही म्हणालात, आता कोण आलतं सांग. मी त्यांच्या लुगड्याचा रंगही सांगितला. तुम्ही हसलात आणि पुढची भाकरी टाकलीत. त्या लुगड्याच्या रंगापलीकडे तिथं बोलण्यासारखं काही नव्हतंच, हे तुम्ही मला किती सहज पटवून दिलंत.

मग कपड्यांचा प्रश्न आला. सामन्यांना मुली गुडघ्याच्या वरपर्यंतची अर्धी चड्डी घालायच्या. अम्मानं सांगितलं, खेळ बंद. अब्बांनी मान खाली घालून मशीन चालू ठेवलं, म्हणजे त्यांचाही नकारच. मी तुम्हाला सांगायला आले तेव्हा रडत होते. तुम्ही समजूतही घातली नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही निळ्या कापडाचं गाठोडं सायकलच्या कॅरिअरला बांधून आमच्या दुकानात आलात. मी आत काजं करत बसले होते. तुम्ही अब्बांना म्हणालात, दहा मुलींच्या विजारी शिवायच्यात. अब्बांनी विचारलं, लांबी केवढी. तुम्ही म्हणालात, "घोट्यापर्यंत. दहाच्या दहा." अब्बा बराच वेळ कापडावरनं हात फिरवत राहिले. मग त्यांनी विचारलं, पळताना पोरी पाय केवढं लांब टाकत्यात. तुम्ही पदर खोचून दुकानाच्या फळीवरच वाकून दाखवलंत, गुडघे वाकवून, पाय फाकवून, दोन्ही हात पसरून. येणारेजाणारे थांबून बघत होते. अब्बांनी मांड्यांच्या मधे जादा कापडाचा तुकडा घालून अशा विजारी शिवल्या की त्यात कोल्हांटउडी मारली तरी शिवण ताणायची नाही. पहिल्या सामन्यात समोरच्या मुली आम्हाला पायजमा पार्टी म्हणाल्या. आम्ही जिंकून परत आलो. त्या विजारीत मी एकटी वेगळी दिसले नाही, बाई. दहा जणी सारख्या दिसलो. एवढं मोठं काम तुम्ही एका वाक्यात केलंत, आणि पुन्हा त्याचा कधी उच्चारही केला नाहीत.

तुमचा रागही सांगायला हवा, नाहीतर हे पत्र खोटं होईल. कबनूरजवळ सामना होता. मैदानाला लागून यंत्रमागांची शेड, तिच्या खडखडाटात शिट्टीसुद्धा ऐकू येईना. म्हणून तुम्ही हातानं खुणा ठरवल्या होत्या. मूठ वर गेली की बॉल हुपरीच्या मुलीकडे, पंजा वर गेला की रिंगखाली. आणि काठावरनं खूण झाली की ती पाळायचीच, हा नियम. माझा डावा हात नुकता बसला होता आणि मला त्याचा माज आला होता. खुणा सोडून मी स्वतःच घुसत राहिले, घालत राहिले. आम्ही मोठ्या फरकानं जिंकलो. येताना एसटीत सगळ्या गात होत्या आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. स्टँडवर उतरल्यावर तुम्ही मला बाजूला घेतलंत आणि म्हणालात, "आज तू चार पोरींना नुसतं बघायला उभं केलंस." बस, एवढंच. पुढचे पंधरा दिवस मी मैदानाच्या काठावर पाण्याची बादली घेऊन बसले. कामही दिलंत: कुणाला बॉल कुठं लागतो ते लिहून आण.

त्या पंधरा दिवसांत मी खरी गार्ड झाले. उंच मुलीला बॉल डोक्याच्या वर, उजव्या बाजूला लागायचा. हुपरीच्या मुलीला छातीशी, आणि बॉलच्या शिवणी आडव्या असलेल्या आवडायच्या. आणि राधानगरीकडची एक मुलगी होती, अंगानं मजबूत, बोलायला अगदी कमी. ती हवेतला बॉल कायम सोडायची आणि आम्ही तिला धांदरट म्हणायचो. काठावर बसून बघितलं तेव्हा कळलं की तिच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकतच नाहीत. विचारलं तर म्हणाली, लहानपणी उसाच्या चरकात गेलती. मग सराव संपल्यावर मी तिला जमिनीवर टप्पा देऊन, उजव्या हाताला बॉल देऊन बघितला. एकही सुटला नाही. वहीत मी ते लिहिलं आणि तुम्हाला दाखवलं. तुम्ही वाचलंत, वही मिटलीत आणि म्हणालात, उद्यापासनं खेळ.

अंतिम सामना आपल्याच गावात झाला. समोरचा बाहेरगावचा संघ उंच होता, खेळाला सरावलेला होता. आपली उंच मुलगी पाच फाउल होऊन बाहेर बसलेली. अर्धं मिनिट उरलंय आणि आपण एका गुणानं मागं. बॉल माझ्याकडे. उजवी बाजू त्यांनी बंद केलीय, मी डाव्या हातानं रेघ ओलांडते. हुपरीच्या मुलीच्या अंगावर दोघी आहेत, कारण सबंध सामन्यात तिनंच घातलेत हे त्यांनाही कळलंय. माझ्या समोरची माझ्या कमरेकडे बघतेय. आणि रिंगेच्या डावीकडे राधानगरीची मुलगी एकटी उभी आहे. तिनं सामनाभर एकदाही बॉल रिंगेकडे टाकलेला नाही, म्हणून तिच्यावरची मुलगी तिला सोडून हुपरीवालीकडे गेलीय. मी हुपरीवालीकडे बघते, अगदी तिच्या डोळ्यांत बघते, आणि बॉल जमिनीवरनं टप्पा देऊन दुसरीकडे सोडते. राधानगरीच्या मुलीनं तो उजव्या हातात घेतला, घाई केली नाही, शेतात मोळी उचलावी तसा दोन्ही हातांनी वर उचलला आणि फळीवर टाकला. बॉल रिंगेवर फिरला, फिरला आणि आत पडला. दोन-चार सेकंद उरले होते, पण त्यांनी बॉल बाहेरून आत टाकेपर्यंत मी मागं पोचले होते, बाई. घर उघडं ठेवलं नाही. शिट्टी झाली तेव्हा मी आपल्या रिंगेखाली एकटी होते आणि बाकीच्या सगळ्या पलीकडे एकमेकींच्या अंगावर पडल्या होत्या.

तुम्ही तिकडं न जाता आधी माझ्याकडे आलात. विचारलंत, "मी मूठ वर केलेली दिसली न्हाय तुला?" मी म्हणाले, न्हाय बाई, गडबडीत दिसली न्हाय. तुम्ही नुसतं बरं म्हणालात आणि राधानगरीच्या मुलीकडे गेलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पेढे घेऊन दुकानात आलात. अब्बांनी विचारलं, बाई, आमच्या पोरीनं किती घातले? तुम्ही म्हणालात, "एक बी न्हाय. पण जेवढं पडलं, तेवढं हिच्याच हातनं गेलं." अब्बांनी कात्री खाली ठेवली. मग विचारलं, शिवण कुठं उसवली तर न्हाय? तुम्ही अगदी गंभीरपणे सांगितलंत की एकही टाका सुटला नाही. त्या दोन माणसांच्या मधे उभी असलेली ती सोळा वर्षांची मुलगी मला अजून दिसते. तिच्याएवढी ताठ मान मी नंतर आयुष्यात क्वचितच केली असेल.

माझ्या लग्नात सगळ्यांनी भांडी दिली. तुम्ही बॉलमध्ये हवा भरायचा पंप दिलात आणि म्हणालात, बॉल तू मिळव. गडहिंग्लजकडच्या शाळेत नोकरी लागल्यावर लोहाराकडनं रिंग करून घेतली, बॉल मिळवला आणि मुली उभ्या केल्या. विजारी अब्बांनी शिवून पाठवल्या, घोट्यापर्यंतच्या, मापं न घेता. त्या मुलींनी तुमच्यासमोर एकदा खेळावं असं ठरवत राहिले आणि ठरवण्यातच वर्षं गेली. मग हुपरीच्या मुलीचं कार्ड आलं. तुम्हाला जाऊन तेव्हा महिना उलटला होता. मी कार्ड पर्समध्ये ठेवलं आणि मैदानावर गेले. त्या दिवशी मुलींना दुसरं काही करू दिलं नाही, फक्त पास द्यायला लावले, अंधारून येईपर्यंत.

हे पत्र नातीच्या वहीच्या मधल्या पानांवर लिहिलंय. पानं काढून घडी करून कपाटात ठेवीन, कारण पाठवायचं कुठं हा प्रश्न आहेच. तुमच्याशी मी आयुष्यात एकदाच खोटं बोलले. परत बादलीपाशी बसवाल अशी भीती वाटली म्हणून. आणि पुढं तुम्ही सगळ्यांना इतक्या कौतुकानं सांगायला लागलात की पोरीनं गडबडीत माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाय, तेव्हा खरं सांगायची सोय उरली नाही. मूठ मला दिसली होती, बाई. ती वर करताना तुमचं घड्याळ मनगटावरून खाली घसरलेलं, तेही दिसलं होतं.