उलट्या राज्याची सीमा

९ मार्च

आमचं तरंगतं घर चाललंय, म्हणून अक्षर वाकडं येतंय. पुढे बाबांची होडी, मधे दोर, मागे आम्ही— चूल, कोंबड्या, प्रहोकचे, म्हणजे आंबवलेल्या माशांचे, दोन रांजण आणि रांजणांना पाठ लावून बसलेली आई. पाणी उतरलं की गाव पाण्याच्या मागे जातं. शाळा कालच गेली.

आमचं घर पोचवून बाबा परत फिरणार आणि माझ्या मैत्रिणीचं, कोलापचं, घर आणणार. त्यांच्याकडे ओढायला होडी नाही. ऑक्टोबरच्या वादळात, बुडालेल्या जंगलात, ती गेली. पू रित, म्हणजे रितकाका— कोलापचे बाबा— तेवढे वाचले. पाणी ओसरल्यावर सगळ्या गावानं पंधरा दिवस तिथला चिखल तुडवला. होडी सापडली नाही.

पू रित आत्ता बाबांच्या होडीत दोर धरून बसलेत. इंजिनाच्या आवाजावर ओरडून बोलावं लागतं, म्हणून मला सगळं ऐकू येतं. वादळाचीच गोष्ट. मी दहादा ऐकली आहे. आज तिच्यात एक नवीन वाक्य आलं.

"लाल काहीतरी होतं, शेंड्यावर. मला वाटलं माणूस आहे, म्हणून तिकडे पोहलो."

बाबा म्हणाले, तापात दिसलं असेल. पू रित म्हणाले, सगळे हेच म्हणतात, म्हणून सांगायचं सोडलं.

लाल!

ती आमची सीमा आहे.

९ मार्च, दुपारी

घर थांबलं. आता नीट लिहिते.

आम्ही सात वर्षांच्या असताना कोलापनं उलटं राज्य शोधलं. सरोवर जंगलात शिरतं तेव्हा झाडं गळ्यापर्यंत बुडतात आणि होडीतून नुसते शेंडे दिसतात. त्या शेंड्यांना आम्ही नावं दिली. ओढ्याच्या तोंडाशी राणीचं नाक. मग टकला न्हावी. मग शिंकणारा हत्ती. अगदी शेवटी दोन शेंडे, एकमेकांकडे पाठ करून उभे— त्या भांडखोर जावा. तिथं राज्य संपतं. थोरल्या जावेच्या डोक्यावर कोलापनं आपला जुना नायलॉनचा लाल सदरा बांधला. झेंडा म्हणून. त्याला दोन वर्षं झाली.

प्रत्येक झाडाला दर वर्षी काहीतरी द्यायचं. चमचा, बटण, फुटका वाडगा. वरून पाण्यात सोडायचं आणि मार्चमध्ये चालत जाऊन बुंध्याशी शोधायचं. सापडलं की ते झाड आपलं.

नकाशा एकच आहे. पुढच्या बाजूला पाण्यावरचं राज्य, ते मी काढलं. मागच्या बाजूला जमिनीवरचं, ते कोलापनं. उन्हात धरला की दोन्ही एकदम दिसतात. तो माझ्याकडे आहे, तांदळाच्या डब्यात. कोलापनं परत मागितला नाही.

१० मार्च

कोलापकडे गेले. ती दारात बसून मासे साफ करत होती. केस वर बांधलेले, मोठ्या बायकांसारखे. मी 'राज्य' एवढाच शब्द काढला तर तिनं सुरी खाली ठेवली.

आधी म्हणाली, मला बाँग म्हणत जा. ती माझ्याहून चार महिन्यांनी मोठी आहे, म्हणजे ताई म्हणायला हवं हे खरंच. पण सहा वर्षांत कधी म्हटलं नव्हतं.

मग सांगितलं की एप्रिलमधल्या नवीन वर्षानंतर ते गाव सोडणार. शहरात तिच्या मामाचं कपड्यांचं दुकान आहे. ती शिलाई मशीनवर बसणार, पू रित ओझी उचलणार. शाळा नाही. होडी नसलेल्या माणसानं पाण्यावर काय करायचं?

मी म्हटलं, नकाशा—

"गप्प बस. कोणाला कळलं तर काय म्हणतील? बापाची होडी बुडाली आणि पोरगी झाडांना नावं ठेवत बसली."

आम्हाला दोघींनाही हसू आलं असतं. पूर्वी आलं असतं.

कोणाला सांगणार नाही, अशी तिनं शपथ घ्यायला लावली. लाल सदऱ्याचं सांगायचं राहूनच गेलं.

११ मार्च

सांगितलं नाही कोणाला.

१२ मार्च

नाही सांगितलं. नवीन वर्षाला एक महिना उरला. कोलापच्या आईनं भांडी गोणीत भरायला घेतली आहेत.

१४ मार्च

सांगितलं.

ता मेनच्या ओट्यावर पुरुष जाळी दुरुस्त करत बसले होते. पू रितही होते. मी नकाशा पुढे ठेवला आणि एका दमात सगळं बोलले— लाल सदरा सापडला तर होडी तिथंच जवळ असणार. ता मेन, म्हणजे मेनआजोबा, गावात सगळ्यात म्हातारे. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"हे काय? राणीचं नाक? मग राणीला सर्दी झाली म्हणून वादळ आलं होय!"

सगळे हसले. बाबाही. कोणीतरी विचारलं, न्हाव्याकडे दाढीला किती वेळ लागतो. कोणी म्हणालं, जावा भांडतायत तिथं आपण मधे पडू नये.

पू रित हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "सदरा कुठला?"

मी म्हटलं, कोलापचा.

पाण्याच्या डब्यासाठी कोलाप तिथं आली होती. मागे उभी होती. कधीपासून, माहीत नाही.

१५ मार्च

शाळेला ती दुसऱ्या होडीतून गेली. वर्गात मुलं शिंकत होती. एक शिंकला की दुसरा म्हणायचा, राणीसाहेब, जपा.

मधल्या सुट्टीत माझ्याजवळून जाताना कोलाप म्हणाली, "दिलंस ना राज्य वाटून."

बरोबर आहे तिचं. पण चूक केली असं वाटत नाही. दोन्ही एकदम लिहिते.

१७ मार्च

जंगलात गेलो. पू रित, बाबा आणि मी. ओढा संपेपर्यंत होडी, मग पायी.

राणीचं नाक सापडलं, ते कोणालाही सापडेल. पुढे काहीच कळेना. खालून सगळी झाडं सारखी! माझी बाजू शेंड्यांची. मान वर केली की फांद्या, ऊन, मुंग्यांची घरटी. पाठ केलेली जाऊ खालून नुसता बुंधा असते. कागद उलटला. कोलापच्या बाजूला फुल्या आहेत, बाण आहेत आणि आकडे. नाकापासून न्हावी ६०. न्हाव्यापासून हत्ती १३५. हत्तीपासून जावा २१०. म्हणजे पावलं. बाबांनी साठ मोजली आणि ओढ्याच्या पार पलीकडे गेले. मी मोजली, काटेरी झुडपात शिरले.

येताना पू रितनी मला खांद्यावर घेतलं, चिखलात पाय कापला होता म्हणून. मी काही लहान नाही खांद्यावर बसायला. पण बसले.

१९ मार्च

संध्याकाळी कोलाप आली. आमच्या घराला स्वतःची डोंगी बांधली, वर आली आणि आईनं दिलेला भात खाल्ला.

मग तिनं सांगितलं. पू रितनी तिला एकच विचारलं होतं— सदरा घट्ट बांधला होतास का? ती म्हणाली, हो, तीन गाठी. ते म्हणाले, मी त्यालाच धरलं होतं. फांदी मोडली, तो नाही सुटला. वादळ ओसरेपर्यंत एक हात त्यात अडकवून होतो.

हे तिला माहीत नव्हतं. कोणाला सांगायचं त्यांनी सोडलं होतं ना.

"नकाशा दे," ती म्हणाली.

मी डबा काढला. तिनं मागची बाजू बघितली आणि पहिल्यांदाच हसली.

"साठ! केवढीशी होते मी."

२१ मार्च

आजचं सगळं लिहिणार. बोटं चिखलानं ताठ झाली आहेत, तरी.

सकाळी नऊ पुरुष आणि आम्ही दोघी निघालो. ता मेनही आले, गंमत बघायला येतो म्हणाले. राणीच्या नाकाशी सगळे थांबले. कोलाप पुढे झाली. न्हावी कुठला, हे तिला बुंध्यावरून ओळखू आलं— दोन वर्षांपूर्वी सालीत रुतवलेलं बटण अजून तिथंच होतं, सालीनं अर्धं गिळलेलं. तिनं नाकापासून तिथपर्यंत पावलं मोजली. सत्तेचाळीस.

नकाशावर साठ. तिची पावलं लांब झाली होती!

तिनं गळ्यातला क्रामा काढला, त्या पंच्याची दोन टोकं दोन्ही घोट्यांना बांधली. मधलं अंतर कमी करत गेली. पुन्हा नाकापासून चालली. पंचावन्न. गाठ आणखी आत घेतली. साठ.

आता पाय त्याहून लांब पडणार नव्हते.

आणि तशी ती निघाली. तेरा वर्षांची मुलगी, केस वर बांधलेले, नऊ पुरुषांच्या पुढे, बदकासारखी तुरुतुरु. मोठ्यानं मोजत. कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मला मागून दिसत होत्या. ता मेन हसून काहीतरी म्हणाले, बाजारातल्या बदकाबद्दल. तिनं थांबून मागे बघितलं.

"ता, हसा खुशाल. फक्त आकडा चुकवू नका."

शंभरापासून ता मेनही मोजू लागले. मग सगळेच. एकशे पस्तीसला हत्ती आला. बुंध्याशी खणलं तर माझा पितळी चमचा. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. आई तो वर्षभर शोधत होती.

हत्तीनंतर मी चुकले. मी तिला म्हटलं, "बाँग, बाण डावीकडे आहे."

ती म्हणाली, "इथं कोण बाँग? इथं तू महामंत्री. आणि तो बाण नाही, तो साप आहे, हे आडवं मूळ. ओलांडायचा."

एकशे ऐंशी. दोनशे. नऊ पुरुषांचा आवाज, एका सुरात. दोनशे दहा.

दोन बुंधे. मुळाशी आमच्या फुटक्या वाडग्याचे तुकडे, निळे. सगळ्यांनी माना वर केल्या. खूप उंचावर, पानांत, काहीतरी होतं. रंग उडालेला, कडेला तेवढा लाल.

पू रित बुंध्याजवळ गेले. त्याला हात लावून उभे राहिले. मग त्यांनी पाठ टेकवली, डोळे मिटले आणि आपण कुठून पोहत आलो ते हातानं दाखवलं. त्या बाजूला बांबू खुपसत गेलो. मऊ, मऊ, मऊ. चाळीसएक हातांवर बाबांचा बांबू टक् वाजला.

दुपारपर्यंत होडीचं पुढचं टोक उघडं पडलं. अंधार व्हायच्या आत अर्धी होडी. काळी, गुळगुळीत, कुठं चीर नाही. इंजिन गेलं. पण लाकूड! ता मेननी गुडघे टेकून ते ठोकून बघितलं.

"माझ्या बापाच्या वेळचं लाकूड," म्हणाले. आणि मग, कोलापकडे न बघता, "बदक हुशार निघालं."

पू रित रडत होते. कोलाप क्राम्याची गाठ सोडत होती. ती ओली होऊन आवळली होती, सुटेना. मी खाली बसून दातांनी सोडवली.

२३ मार्च

चौदा माणसांनी होडी ओंडक्यांवरून ओढ्यापर्यंत आणली. पाण्यात सोडली. तरंगली! किनाऱ्यावरच्या बायकांनी भांडी वाजवली. बाबा आपलं जुनं इंजिन देणार आहेत, रडतखडत चालतं पण चालतं.

कोलापच्या आईनं गोणी ओतली. भांडी पुन्हा फळीवर लागली, मी मोजत बसले नाही पण सगळी दिसली. मामाला निरोप गेला की येत नाही. शाळेत कोलापनं फळ्यावरचं गणित बरोबर सोडवलं आणि शिंकणाऱ्या मुलाला जागेवर जाताना कोपर मारलं.

संध्याकाळी पू रितनी नवा लाल कपडा आणला. म्हणाले, ऑक्टोबरात बांधा. तीन गाठी.

सहा वर्षांत एवढा चांगला दिवस आलेला नाही. राज्याला पहिली होडी मिळाली.

२४ मार्च

सकाळी आम्ही दोघी शाळेला निघालो तेव्हा ता मेन त्यांच्या ओट्यावरून पलीकडच्या घराला हाक मारत होते. जावांच्या मागच्या डबक्यात मासे अडकलेत, टोपल्या घ्या, न्हाव्यापाशी भेटू. पलीकडून उत्तर आलं, येतो. कोणी हसलं नाही. कुठल्या जावा, हे कोणी विचारलं नाही.

कोलापनं वल्हं उचललं होतं ते तसंच धरून ठेवलं. मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे. मग ती वल्हवू लागली. नावं आता आमची राहिली नव्हती, गावाची झाली होती.