एका नावाचे दोघे

१२ नोव्हेंबर १९९६, गावी
बाबा जाऊन चार दिवस झाले. घर माणसांनी भरलंय आणि मला रडायला कोपरा नाही! पेणहून दोन म्हातारे फौजी आले. म्हणाले, "मोतीराम जिगरबाज माणूस!" आत आईचं रडणं एकदम थांबलं. ओटीवर मोठे काका खाली मान घालून बसले होते — मोतीराम तर ते. बाबा रघू.

बेचाळीस साली बाबा भरतीला गेले तेव्हा पंधरा वर्षांचे. वय बसेना, म्हणून आजोबांनी थोरल्याचं नाव लावलं. इटलीत लढले त्याच नावाने. पदक, पेन्शन, सगळं त्याच नावाने. कुणी "मोतीराम" म्हणून हाक मारली की दोघे भाऊ ओ द्यायचे. आम्ही पोरं खिदळायचो.

१५ नोव्हेंबर
पेणच्या कचेरीत जाऊन आले. आईला पेन्शन हवी तर मोतीरामच्या मृत्यूचा दाखला आणा. रघू म्हणे लढलाच नाही! मग इटलीत दोन बोटं गमावून आला तो कोण? त्या आठ बोटांनी माझ्या वेण्या घालायचा तो? इतक्या घट्ट, की शाळेत दिवसभर डोळे ताणलेले. आई महिन्याची बाजूला बसली की भाकऱ्या तेच थापायचे. मिठागरावरची माणसं हसायची, ते थापत राहायचे. माझ्या बाबांचा एकाही कागदावर पत्ता नाही.

१६ नोव्हेंबर
आईला सांगितलं. भडकलीच. "ज्यांच्यापुढं डोक्यावरला पदर कधी ढळू दिला नाय, त्या दिरांची बायको म्हणून अंगठा देऊ? मेले तरी नाय!" काका ओटीवरच होते. ऐकलं त्यांनी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१७ नोव्हेंबर
बाबांची मृत्यूची नोंद अजून व्हायचीच आहे. काकांनी मला हाक मारली.
"सरू, मोतीराम मेला म्हणून लिव गो."
"काका, तुम्ही जिवंत आहात!"
"नाव माझं, गोळ्यांपुढं तो गेला. मी हितंच मीठ ओढीत बसलो. दिलेलं नाव परत कशाला मागू?"
मग दाराआडून आईलाही त्यांनीच सांगितलं. ती आतून म्हणाली, "पेणला कवा जायाचं?"

२० नोव्हेंबर
नोंद केली. ग्रामसेवक नवा, त्याला काही ठाऊक नाही. मोतीराम, वय त्र्याहत्तर, मयत. आईने पेणला अंगठा दिला — पदर पार नाकापर्यंत ओढून. येताना जिते थांब्यावर उतरेपर्यंत माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. काय करायला लावलं मी तिला!

३ डिसेंबर, रोहा
यांच्या शिफ्टचा डबा, धुणी, भांडी. कशातच जीव नाही. आईचा निरोप आला — काका हल्ली हाकेला ओ देत नाहीत.

२२ डिसेंबर
आज डोकं विंचरताना रडले. बस्स.

१९ जानेवारी १९९७, गावी
मोठे काका गेले. नोंदीला मीच गेले. ग्रामसेवक म्हणाला, "मयताचं नाव?" मोतीराम तर दोन महिन्यांपूर्वीच मेलेला. मी म्हटलं, "रघू." त्याने लिहून घेतलं. आणि मी तिथेच, त्याच्या टेबलापुढे, बाबांसाठी पुन्हा पहिल्यापासून रडायला लागले.